आत्याआजीचा माइक

ती. आत्याआजी,

सकाळी स्टेशनवर तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि गाडीत चढलीस. हे पत्र पाठवायची माझी हिंमत होणार नाही, तरी लिहितोय.

इथे दिल्लीत, आर. के. पुरमच्या आपल्या गणपतीत काल तुला गायला लावलं ते मीच. 'आमची आत्याआजी जुन्या सिनेमातली हिरॉइन, गाणी स्वतःच गायची,' अशी फुशारकी मी महिनाभर मारत होतो. पण दुपारी तालमीत वरच्या सुरांवर तुझा आवाज फाटला आणि माझं धाबं दणाणलं. साउंडवाल्याला बाजूला घेऊन म्हणालो, "भैया, इनका माइक बंद रखना, पुराना रिकॉर्ड चला देना." तुला सांगितलं, मागे नुसतं संगीत वाजेल. तुझ्या नातसुनेला, रसिकाला सांगितलं, आजीची फजिती नको. खरं तर माझ्या ऑफिसचे लोक पुढच्या रांगेत बसणार होते.

तू डोळे मिटून सुरुवात केलीस आणि स्पीकरमधून तुझाच विशीतला आवाज आला. तू डोळे उघडलेस. आधी माइककडे पाहिलंस, मग माझ्याकडे. रेकॉर्डवर नुसते ओठ हलवायचे नाहीत, म्हणून तू चालून आलेले सिनेमे सोडले होतेस. हे मला लहानपणापासून माहीत होतं गं.

तू तोंड मिटलंस आणि हात जोडून उभी राहिलीस. गाणं चालूच राहिलं. लोकांना वाटलं, तुला भरून आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याआजी, मीही वाजवल्या.

तुझ्यापुढे मान वर न होणारा,
पुष्कर