बेट उजव्या हाताला

३ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. नलूला, म्हणजे बायकोला, माझ्या वह्यांत गोडी नाही, म्हणून कपाटाला कुलूप लावलेलं नाही.

विषय शिट्टीचा. आमच्या सिंदीच्या प्रभात फेरी मंडळाचे अण्णाजी मुलाकडे पुण्याला राहायला चालले. त्यांच्या गळ्यातली शिट्टी आता दुसऱ्या कुणाला द्यायची. शिट्टी ज्याच्याकडे, तो सगळ्यांच्या पुढे चालतो. उमेदवार दोन, नानाजी आणि मी. नानाजी रोज तलावाला सहा फेऱ्या मारतात, पण त्यात डोकं नाही. मी पस्तीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. कापूस दोन बोटांत ओढला की धागा किती लांब, ओलावा किती, सांगून मोकळा. पुढे असाच माणूस पाहिजे.

आज मीटिंगमध्ये जाहीर केलं. मुलगी समीक्षा कोकणात दिली आहे, जावई धीरज तिकडे बंदराच्या गावात बँकेत. फेब्रुवारीत जातोच आहे. बंदरासमोर एक शांत बेट आहे, त्याच्या काठाकाठानं सात किलोमीटरची गोल वाट आहे. ती पूर्ण चक्कर पायी मारतो. मारली तर शिट्टी माझी. अण्णाजी म्हणाले, मंजूर. नानाजी हसले. हसू हलक्या ग्रेडचं होतं.

४ जानेवारी
संकल्प. रोज पहाटे पाचला, मंडळ यायच्या आधी, एकट्यानं तलावाच्या दहा फेऱ्या. मंडळाला तसं कळवून टाकलं.

५ जानेवारी
पाचला निघालो. कडाक्याची थंडी. स्टेशनसमोर कवडूची टपरी उघडी दिसली. गारठलेल्या अंगानं एकदम चालू नये. तर्री-पोहे, दोन प्लेट. तेवढ्यात उजाडलं. मंडळाच्या लोकांची गाठ नको म्हणून मागच्या गल्लीनं घरी. जाऊन-येऊन आठशे मीटर. सुरुवात म्हणून चांगली.

११ जानेवारी
आठशे मीटर. सातत्य महत्त्वाचं.

१९ जानेवारी
नवे बूट आणले. टाच चावते. बूट आधी घरात मुरवायचे असं ठरवलं, म्हणून टपरीवर चपलेनं. शिट्टीसाठी लाल गोफही घेतला. अण्णाजींचा जुना दोरा फार मळलेला आहे.

२४ जानेवारी
घरी आलो तर नलू नाही. साडेसहाला आली. पातळाच्या काठाला कुसळंच कुसळं. विचारलं तर म्हणाली, "शेजारच्या वच्छलाबाईसंगं देवळात गेलती." देवळाच्या आवारात एवढं गवत वाढलं आहे. पंचांना सांगायला पाहिजे.

२ फेब्रुवारी
नलूचं नवीनच. म्हणते, बेटावर मी बी येतो. मी समजावलं की तिथं चढउतार असतात, दगड असतात. ती धक्क्यावर बसून समुद्र पाहील, डबा सांभाळील. यावर ती म्हणाली, "बरं." अडतीस वर्षांत इतक्या लवकर कधी ऐकलं नव्हतं. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
निघालो. अण्णाजींनी शिट्टी माझ्याजवळ दिली. म्हणाले, "घेऊन जा. नाई जमलं तं वापस आणजा." मी मनातल्या मनात हसलो. शिट्टी लाल गोफात ओवली.

११ फेब्रुवारी, समीक्षाकडे
समुद्र पाहिला. पाणी दोन बोटांत घेऊन पाहिलं. ओलावा भरपूर, बाकी माल ठीक. नलू नुसती बघत उभी. समीक्षानं दोनदा हाक मारली तरी हलली नाही. लग्नाच्या वर्षी मी तिला समुद्र दाखवतो म्हणालो होतो. दाखवला. शब्द पाळला.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८, बेटाचा धक्का
होडीनं आलो. बेट गरीब आहे, माणसं कमी, झाडं पुष्कळ. आमच्या तलावाची पाळ याहून काही फार वेगळी नसावी.

धक्क्यावर पाटी, पाटीवर बाण. बाण उलटा काढलेला! बाणाप्रमाणं गेलं तर बेट डाव्या हाताला येतं. आपल्याकडे देऊळ असो, पिंपळ असो, फिरायचं ते उजव्या हाताला ठेवून. उलट्या फेऱ्या मसणात घालतात. होडीवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, बाणानंच जा. बाणाच्या बाजूला आधी खडप लागतं. आत्ता ओहोटी आहे तोवर ओलांडायचं, मग पाणी चढतं." खडप म्हणजे सपाट खडकांचा पट्टा. मी म्हटलं, ओलाव्याचं मला शिकवू नका.

नलूला धक्क्यावर बसवलं. डबा तिच्याकडे. बेट उजव्या हाताला ठेवून निघालो.

सकाळी ८.४०
पहिला किलोमीटर होत आला. टाच चावते. विश्रांती पंधरा मिनिटं.

सकाळी १०.१०
अर्धी वाटही अजून झालेली नाही. उंडीच्या झाडाखाली बसलो होतो. समोरून चार बाया आल्या, हातात कोयते आणि टोपल्या. खडकावरची कालवं खरवडून परत निघालेल्या. तिघी नऊवारीत, चौथी गोल पातळात. नलू! पदर खोचलेला, चपला हातात.

मी म्हटलं, वाट चुकलीस. ती म्हणाली, "चुकली नाई. बाण इकडूनच होता. तुमी काऊन तिकडून गेले? बाया म्हनून राह्यल्या, बारा वाजले का पानी येते. चला माह्या संगं वापस."

वापस! अडीच किलोमीटर वाया घालवून! आणि पुन्हा उलटी फेरी! मी तिलाच सांगितलं की माझ्यामागून ये. तिनं डबा उघडला. त्यातल्या कोथिंबिरीच्या दोन सांबारवड्या हातावर ठेवल्या, म्हणाली, "पानी दिसलं का थांबजा. शायनपना करू नका." आणि बायांसोबत पुढे गेली. बिचारी. दमून कुठंतरी बसेल.

दुपारी १२.५०
धक्का समोर दिसतो आहे. फार तर दोन धुरे, म्हणजे दोन शेतं, पलीकडे. मध्ये खडप असायला पाहिजे होतं. तिथं समुद्र आहे.

दुपारी १.०५
पाणी दोन बोटांत घेऊन अंदाज केला, घोट्याएवढं. उतरलो. मांडीएवढं निघालं. डावा बूट गेला. बुटाचा माल हलका होता. एका खडकावर चढून बसलो आहे. परतायची वाटही ओली दिसते.

दुपारी १.२०
मागं पाणी, पुढं पाणी. खडक आता बाजल्याएवढा राहिला आहे. मी घाबरलेलो नाही. पहिल्यांदा नलूची आठवण आली, मग सांबारवडीची. वडी एक उरली आहे. ती ठेवली आहे. 

दुपारी १.३५
शिट्टी वाजवली. मोठ्यानं. पुष्कळ वेळा.

सायंकाळी ६, समीक्षाकडे
होडीवाल्यानं आणलं. होडीत पुढे नलू बसली होती. सातही किलोमीटर चालून ती साडेअकराला धक्क्यावर पोचली होती. बाकी सगळे परतले आणि मी अजून आलो नाही, म्हणून तिनंच होडी काढायला लावली. मला पाहिल्यावर रागवेल वाटलं. तिनं फक्त माझा हात धरला, घट्ट, आणि धक्का येईपर्यंत सोडला नाही. मलाही सोडावासा वाटला नाही.

नंतर समीक्षानं तिला विचारलं, एवढं कसं चाललीस आई? ती म्हणाली, "अडतीस वर्षं झाले, हे म्हनून राह्यले होते समुद्र दाखवतो. मंग पुरा पाहून घेतला, चारी बाजूनं."

मी शिट्टी वाजवतानाचा, होडीवाल्यानं काढलेला व्हिडिओ धीरजनं मंडळाच्या ग्रुपवर टाकला. उत्साहाच्या भरात, असं तो म्हणतो. नानाजींनी लगेच हात जोडलेले पाठवले.

१८ फेब्रुवारी, सिंदी
मंडळाची बैठक. मी मुद्दे लिहून नेले होते. साडेसहा किलोमीटर पायी, उरलेले जलमार्गानं, दोन्ही मिळून चक्कर पूर्ण. शिवाय दिशा शास्त्रोक्त.

अण्णाजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "वासुदेवराव, तुमी पहाटे पाचले तलावावर चालत होते ना?" मी म्हटलं, रोज. तेवढ्यात दारात उभ्या वच्छलाबाई म्हणाल्या, "पाचले तं आमी दोघी राह्यतो तिथं. नलूबाई अन् मी, दिवाळीपासून. दहा फेऱ्या. हे तं कधी दिसले नाई बा."

मी मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात घातला. मग नानाजी म्हणाले, आपला दावा नाही, पूर्ण चक्कर जिनं मारली तिलाच शिट्टी द्या. टाळ्या. मीही वाजवल्या. सगळ्यांत शेवटी, पण वाजवल्या.

घरी आल्यावर नलूला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "कवडूच्या तर्रीचा वास येते तुमच्या सदऱ्याले. दीड महिना झाला."

१९ फेब्रुवारी, सकाळी ७
पाचला दारातच शिट्टी वाजली. उठलो. बूट एकच, म्हणून चपलेनं. नलू सगळ्यांच्या पुढे, गळ्यात माझा लाल गोफ. नानाजी तिसरे. मी शेवटून दुसरा, माझ्यामागं फक्त नत्थू, आणि तो लंगडतो.

तलावाला ती उलटी फेरी घेते. मीही मागून तशीच घेतली.

येताना टपरीवरून कवडू ओरडला, "भाऊ, टाकू का दोन प्लेट?" मी पाय थांबवले. पुढून शिट्टी आली. चालू लागलो.