पाद्रीबाबांनी मागून खाल्लेला कंद

ती. बाबांना, सवाईई बेटावरून लांगीचा नमस्कार.

इथल्या शेतकी खात्याची प्रमुख झाल्यापासून माझं कुणी ऐकत नव्हतं, ते काल बदललं. करपा रोग न पडणारे अळूचे नवे कंद मी गावात वाटले होते. सभेत सगळे "छान, छान" म्हणाले आणि घरी जाऊन डुकरांना घातले. गावप्रमुख तूपाईंनीसुद्धा!

पण त्यांचा जुना अळू करप्यानं गेला. काल रविवारी गावजेवणात रिवाजाप्रमाणे पाद्रीबाबांना पहिलं ताट तूपाईंनी द्यायचं, तर घरात दुसरं काहीच नाही. तूपाईंच्या बायकोनं नाइलाजानं डुकरांसाठी ठेवलेला नवाच कंद वाढला. सगळं गाव टक लावून बसलेलं.

पाद्रीबाबा म्हणाले, "अजून आहे का गं?"

आज उजाडताच रोपांसाठी माझ्या दारात रांग!

तुमचा गुडघा कसा आहे? तुम्हाला पाठवलेले कंदही डुकरांनीच खाल्ले, हे आईनं कळवलंय. पुन्हा नवे पाठवतेय. या खेपेला आधी तुम्ही खा.

तुमच्या डुकरांइतकी तरी लाडकी,
लांगी