साहेब येणार म्हणून उघडलेलं दार

तांडा, गोरेगाव रोड
१४ सप्टेंबर २०२४

मिनाबाई, जय सेवालाल.
दाजी, लेकरं बरी असतीन. फोन उचलत न्हाईस, म्हणून कागद. अक्षर पाहून हसशील, तेवढं तरी हस.

मायची शेळी व्याली. काळ्या पिलाला मी ग्रामसेवक म्हणतो, बोलवलं की पळतंय.

त्या मंत्र्याची गोष्ट तुला कळली असंल. मी ग्रामसेवकाला एक फोन केला, जाड आवाजात, हिंदीत. मंत्र्याच्या हापिसातून बोलतो, साहेब तांडा पाहायला येऊन राहिले म्हणलं. त्यानं तालुक्याला सांगितलं, तालुक्यानं वर. खरंच येऊन राहिले का, हे उलटून इचारायची एकाचीबी छाती झाली न्हाई. रस्त्यावर मुरूम पडला, खांबावर लाईट लागली, अन् कायम कुलपातलं आरोग्य उपकेंद्र उघडलं. आत सिस्टर बसलेल्या. मायनं दम्याच्या गोळ्या आणल्या अन् घरोघर सांगत फिरली, आता आपल्या दारात दवाखाना हाय. मी हसून हसून लोळलो. तिला खरं सांगायचं राहून गेलं.

मायच्या तेरवीला तू सगळ्यांसमोर इचारलंस, "शेजारच्या उत्तमसिंगची जीप दारात व्हती, मग माय गोरेगावच्या दवाखान्यात काहून गेली न्हाई?"

मी पत्रावळ्या उचलत राहिलो.

बाई, मी सेनगावला व्हतो. तिचा दमा उसळला तवा उत्तमसिंगनं गाडी चालू केली व्हती. तिनंच म्हणलं, एवढ्या लांब कशाला, आपलं उघडं असतंय की. चालत गेली. कुलूप व्हतं. पायरीवर टेकली. जीप तिथं पोचली तवर ती उठण्यासारखी राहिली नव्हती.

मी सिस्टरला शिव्या द्यायला गेलो. तिच्याकडं चार गावं, वर मोबाईलवर फोटो पाठवायचे ते येगळंच. म्हणली, "मी कुठं आहे ते साहेबांना रोज कळवते. तुम्हाला कळवा, असं मला कुणी सांगितलंच नाही." अन् रडली.

मग आमी बाया-माणसं सकाळी तिथं जाऊन बसायलो. मागणं एवढंच, आज कुठल्या गावाला ते दारावर खडूनं लिहा. आता लिहितात. ज्यांना येत न्हाई त्यांना मी वाचून दाखवतो. मी, शाळेतून पळालेला.

परवा नामाजीकाकाला धाप लागली. दारावर दुसरं गाव वाचलं, सरळ गोरेगावला नेलं. वाचला. घरी येऊन त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला सहन झाला न्हाई.

दिवाळीला आलीस तर मी घरीच असन. न आलीस तरी असन.

मायला खरं न सांगितलेला,
विकास