बोटभर मोठा साइडबोर्ड

कोल्हापूर,
दि. ९ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
बाबासोचा सप्रेम जयभीम. वि. वि. आम्ही उभयता ठीक. फोनवर विषय काढला की तू लगेच आजऱ्याच्या थंडीवर जातेस, म्हणून आता कागदावर पकडतो.

दाजींनी परड्यातला फणस कापून फळ्या माळ्यावर टाकल्या होत्या, त्या टेंपोतून नीट पोचल्या. वाळून खडखडीत झाल्यात. रंधा मारला की शेडभर हळद सांडल्यासारखं दिसतं. आमच्या जेवणघरात स्वयंपाकघराची चौकट आणि कोपरा यांच्यामध्ये जी भिंत आहे ना, ती तुझी. तिथे साइडबोर्ड करतोय, म्हणजे कमरेएवढं उंच, लांबलचक बैठं कपाट. आत तुझी पितळेची भांडी आणि बरण्या, वर तुझा रेडिओ. दाजी गेल्यापासून तू तिथे एकटी आणि इथे माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

फौंड्रीतून रिटायर झाल्यापासून हात नुसते शिवशिवतात. अनुजा म्हणते, बसा की जरा, भुंग्यागत काय फिरताय घरात. पण शेडमधलं मशीन सुरू झालं की मला बरं वाटतं. मार्चमध्ये काम उरकेल. तू कायमची यायच्या तयारीला लाग.

लोभ आहेच, तो इथे येऊन कर.
तुझा,
बाबासो

आजरा,
दि. २० जानेवारी २०२५

चि. बाबासोस,
अनेक आशीर्वाद. पत्र पावलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची वरात.

तयारी मी रोजच करते. सकाळी पेटी भरते आणि दुपारी त्यातलंच काहीतरी लागतं म्हणून उपसते. शाळेत शिकवत होते तोवर घंटेवर दिवस चालायचा. आता या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. संध्याकाळी काजूच्या कारखान्यातल्या बायका बोलत दारावरून जातात, तेवढीच जाग. तुमच्याकडे यावंसं वाटतं, अगदी मनापासून वाटतं.

पण तुझ्या पत्रात फणस आहे, भिंत आहे, मशीन आहे. अनुजाचं मत काय ते नाही. तुझ्या दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तू सगळ्यांदेखत जाहीर केलंस की आक्का आता आमच्याकडेच राहणार, आणि ती उठून ताटं गोळा करायला लागली. मी पाहिलं. तिच्या मनात नसताना तिच्या घरात घास गिळणं मला जमणार नाही, बाबासो. तिचं काय ते स्पष्ट कळव. तिला नको असेल तर मी इथेच बरी.

बोटं सांभाळून काम कर.
तुझी,
आक्का

कोल्हापूर,
दि. १८ मार्च २०२५

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. अनुजाचं काय विचारतेस? ती घरचीच. नाही म्हणायचं असतं तर कोल्हापूरची बाई गप्प बसली असती का?

इथे वेगळाच घोटाळा झालाय. भिंत मी टेपने मापली आणि फळ्या माझ्या जुन्या स्टीलच्या पट्टीने. ती पट्टी फौंड्रीतली. साच्यात ओतलेलं बीडाचं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून आम्ही पॅटर्नमेकर लाकडी नमुना मुद्दाम मोठा करतो, आणि त्यासाठी आमची पट्टीच तशी असते. तिचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा जरा लांब. जन्मभर तीच हातात, मनात शंकासुद्धा आली नाही. पॉलिश झालं, दारं बसवली. शेजारच्या जोतीरामला घेऊन उचलून आत आणलं, तर बोटभर लांबीसाठी बसेना. जोतीराम म्हणतो कसा, बाबासो, आता ह्येला भट्टीत घाला, थंड झाल्यावर बसतंय बघा.

कापावं तर कडेचे सांधे सुटतात. चौकट हलवावी तर दार जातं. दुसऱ्या भिंतीला खिडकी आहे. नवीन करावं तर दाजींच्या फळ्या संपल्या. शेडमध्ये कापड टाकून झाकून ठेवलंय आणि दिवसातून दहादा कापड उचलून बघतो. मला माझीच लाज वाटते. काही सुचेपर्यंत तुझं येणं जरा पुढे ढकल.

राग मानू नकोस एवढंच मागणं.
तुझा,
बाबासो

आजरा,
दि. २५ मार्च २०२५

चि. बाबासोस,
अनेक आशीर्वाद. भट्टीचं वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, आणि घरात ऐकायला कुणी नाही म्हणून मग रडू आलं.

लाज कसली वाटून घेतोस? कपाट बसलं नाही तरी मला चालेल. पण मी विचारलेल्या एकाच गोष्टीला तू पुन्हा बगल दिलीस, त्यातून मला उत्तर मिळालं. आता ओढाताण नको. मी आजऱ्यातच राहते. घराला रंग द्यायला माणूस सांगते आहे. अनुजाला यातलं काही बोलू नकोस.

तुझ्यावरची माया तसूभर कमी नाही.
आक्का

कोल्हापूर,
दि. ३ एप्रिल २०२५

ती. आक्कांना,
अनुजाचा सप्रेम जयभीम. मी कधी पत्र लिहीत नाही. मायना चुकला तर शाळा घेऊ नका.

बोलू नकोस म्हणून तुम्ही लिहिलं तरी यांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं, आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा विचारलं की तुझं काय म्हणणं. आक्का, मी घरातली खुर्ची हलवायची तरी यांना विचारते. आणि घरात माणूस कायमचं राहायला येणार हे मला चारचौघांत समजलं. म्हणून मी ताटं घेऊन उठले. राग यांचा आला होता, तुमचा नव्हे. यांनी भिंत मापली, लाकूड मापलं, तेही चुकीचं, पण मला विचारलं नाही.

काल हे बँकेत गेल्यावर मी शेडमधला हातोडा आणि पटाशी घेतली आणि कपाटाचं टोक अडत होतं त्या कोपऱ्यातल्या भिंतीचा गिलावा उडवला, पार विटेपर्यंत. बोटभर जागा हवी होती, ती निघाली. जोतीरामभाऊजींनी गल्लीतली माणसं बोलावली. कपाट असं बसलं की मध्ये कागद जायचा नाही. हे आले ते आधी पटाशीची धार बघून ओरडले, अगं ही पटाशी हाय का पहार. मग जेवणघरात बघितलं आणि खालीच बसले. डोळे पुसत होते. ते तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

आता हे बोलावणं माझं. पावणी म्हणून येणार असाल तर नको, पावण्यांना मी चार दिवसांत कंटाळते. राहायला या. तुमच्या आमटीत मी मिठाची खोट काढणार, माझ्या भाकरीला तुम्ही नावं ठेवणार. भांडणं होतील. ती आपली आपण मिटवू, यांना मध्ये घ्यायचं नाही.

रंगवाल्याला नको म्हणून सांगा.
तुमची,
अनुजा

आजरा,
दि. ९ एप्रिल २०२५

चि. सौ. अनुजास,
पोटभर आशीर्वाद. पत्र उंबऱ्यातच उभ्याने वाचलं, मग आत येऊन बसून पुन्हा वाचलं. एवढे दिवस मी तुझ्याबद्दल भावाला विचारत बसले. तुलाच विचारायला हवं होतं.

रविवारी दुपारच्या एसटीने येते. बाबासोला कळवू नकोस, नाहीतर तो सकाळपासून स्टँडवर येरझाऱ्या घालील. न्यायला तू ये, एकटीच.

तुझी,
आक्का