धोंडीचा बेडूक

माय, आज वर्गात एका पोरीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी खराखुरा बेडूक कापलाय?" आता बंदी आहे, पोरं चित्रावरच भागवतात. मी हो म्हणाले आणि फळ्याकडं वळले. घरी आल्यापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे.

बारावीची माझी जीवशास्त्राची प्रॅक्टिकल मार्चमध्ये गेली. चिमट्यानं शीर तुटली, ट्रे रक्तानं भरला आणि मी नुसती रडत बसले. ऑक्टोबरच्या परीक्षेला परत बसायचं ठरलं तेव्हा बापू म्हणाले, "या खेपेला निघाली न्हाय, तर तुळशीचं लगीन झालं की हिचा बार उडवून टाकू."  तू मात्र सांजच्याला भाकरी थापता थापता मला बेडकाच्या शिरा आणि धमन्या म्हणायला लावायचीस. मी अडखळले की म्हणायचीस, "परत म्हण." अर्थ तुला कळत नव्हता, अडखळणं बरोबर कळायचं.

बेडूक ज्याचा त्यानं आणायचा होता. आणि त्या साली मृगापासून आभाळ कोरडंच, आता परतीच्या पावसाचीच काय ती आस. विहिरींचे तळ दिसत होते, बेडूक कुठून येणार? पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर ओल्या गाळात तुम्हा बायांना एकच सापडला, तो धोंडीसाठी ठेवला. पोराला लिंबाचा पाला नेसवायचा, काठीला बेडूक बांधून घरोघर न्यायचा, दारोदार त्याच्यावर पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो. गावाचा तुझ्यावर भरवसा, म्हणून सकाळपर्यंत बेडूक झाकल्या घागरीत तुझ्याकडं ठेवायला दिला. माझी प्रॅक्टिकलही त्याच सकाळी होती. मी तो मागितला नाही, मागायची छातीच झाली नाही. पहाटे तूच डालड्याच्या डब्यात ओलं फडकं घालून तो माझ्या हातात दिलास. मी डब्याकडं बघत राहिले.

"पाऊस आज न्हाय तर उद्या पडंल," तू म्हणालीस. "तुझी परीक्षा उद्या न्हाय. जा, एसटी निघंल."

परंड्याच्या कॉलेजात ट्रेमध्ये तो उघडला तेव्हा काळीज चालू होतं. यावेळी शीर तुटली नाही. माझ्या ओठांवर सगळी नावं तुझ्या चुलीपुढच्या चालीत येत होती. प्रॅक्टिकल निघाली, माय, चांगल्या मार्कांनी निघाली.

इकडं तू बायांना सांगितलंस, बेडूक पळाला. शेजारची म्हणाली, "झाकणावर धोंडा व्हता की, बाई." एवढंच. त्यानंतर पाऊस आलाच नाही आणि कामावर मातीची पाटी तुझ्या डोक्यावर चढवायला कुणी हात लावीना. ते तू सोसलंस. पण मला छळतं ते दुसरंच. तू दुपारची भाकर सोडलीस. मी भांडले, बेडकाचा आणि पावसाचा काही संबंध नसतो, असं पुस्तकातलं सांगितलं.  "नसंल," तू म्हणालीस. "पण आपून त्याचा जीव घेतला. पाऊस पडंस्तोवर येवढं तरी करू दे." वैशाखात उपाशीपोटी माती वाहताना तू बांधावर पडलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मला अजून त्या बेडकाचा राग येतो, बायांचा येतो, आणि सगळ्यात जास्त तुझा.

त्या मार्कांवर मी शिकले, नोकरी लागली, कुणी माझा बार उडवला नाही. दर वर्षी पोरांना सांगते, बेडूक पावसात ओरडतो, पाऊस आणत नाही. ठासून सांगते.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. एक मात्र तुला सांगते, घरात कुणाला ठाऊक नाही. यंदाही मृग कोरडाच गेला. तो कोरडा गेला की पाऊस पडेपर्यंत मी दुपारचा डबा शाळेत उघडत नाही.