स्वयंपाकघरातला स्पीकर

अण्णा, काल मी स्पीकर विकत घेतले आणि दुकानात उभ्या उभ्या तुमचा इतका राग आला की पैसे काउंटरवर आपटलेच. दुकानदाराला वाटलं, मॅडमना भाव जास्त वाटतोय. त्याने आपण होऊन थोडे कमी केले. कालच्या दिवसात तुमच्यामुळे झालेला फायदा तेवढाच. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याबद्दल कुणी वाईट बोलतच नाही. डोंबिवलीचं, आपल्या बिल्डिंगमधलं कुणी भेटलं की ‘काय कान होता हो अण्णांचा!’ हे ठरलेलं, आणि मीही मान डोलवते. कालपासून मात्र ते वाक्य आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जातेय.

आधी स्पीकर कशाला, ते सांगते. मी हल्ली कोलशेतला राहते, तुम्ही जन्मभर ज्या कंपनीत बस पकडून यायचात तिच्या जवळपासच. तिकडे आता सगळे टॉवर झालेत. आई माझ्याकडे असते. मी बरेच दिवस घरूनच काम करते आणि दुपारची ती माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत येऊन बसते. तिला ऐकू कमी येत चाललंय. डॉक्टर म्हणाले, हळूहळू आणखी जाईल. कानाचं यंत्र आणून दिलंय, पण ‘कानात झुरळ शिरल्यासारखं वाटतं’ म्हणून ते कपाटात, साड्यांच्या खाली. फोनवर गाणं लावलं तर तिला नुसती खरखर ऐकू येते. म्हटलं, कान आहेत तोवर बाईने चार गाणी धड ऐकावीत. टेबलावर मावतील असे लहान, पण खरे स्पीकर घ्यायचे. फार महागातले नकोत, पण डबडंही नको.

मग काय, तुमचीच मुलगी! वाचून वाचून डोकं पिकवलं. एक प्रकार असतो ज्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो. प्लग लावला की झालं. दुसऱ्या प्रकारात स्पीकर वेगळे आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, मागे तारा जोडायच्या. मी दुसरा घ्यायचं ठरवलं, कारण एक बिघडलं तरी दुसरं वाया जात नाही. अ‍ॅम्प्लिफायर आता जेवणाच्या डब्याएवढा मिळतो, तुमच्या त्या धुडासारखा नाही. सगळे जाणकार एकच सांगत होते: वॉटच्या आकड्याला भुलू नका, आपल्या खोलीला झेपेल तेवढाच घ्या, स्पीकर भिंतीला चिकटवू नका, कानाच्या उंचीवर ठेवा, आणि दुकानात जाल तेव्हा जे गाणं तुम्हाला पाठ आहे तेच वाजवून बघा. मला पाठ असलेलं गाणं कुठलं, हा प्रश्नच नव्हता. तुमच्या त्या कॅसेटमधलं पहिलं भावगीत. रेडिओवर ते मी कधी ऐकलं नाही, बाहेर कुणाला माहीतही नव्हतं, पण आपल्या घरात दर रविवारी वाजायचं. कुणीतरी हौशी माणसाने ते इंटरनेटवर चढवलंय. शोधून फोनमध्ये घेतलं आणि खोपटला, एसटी डेपोच्या बाजूच्या एका दुकानात गेले.

दुकानदार माझ्याच वयाचा. पहिला प्रश्न, ‘‘सोबत कोणी जेंट्स नाहीत का, मॅडम?’’ म्हटलं, ‘‘का, ते उचलून देणार आहेत का?’’ मग म्हणाला, ‘‘हे घ्या ना, ब्लूटूथवाला. एकदम भारी बास, आणि लाइट पण लागते बघा, गाण्यावर नाचते.’’ म्हटलं, ‘‘दादा, मला लाइट नको, आवाज हवाय. ते दोन लाकडी दाखवा आणि तो छोटा अ‍ॅम्प्लिफायर.’’ जरा नाराजीनेच त्याने खाली काढले. मी गाणं लावून फोन त्याच्या हातात दिला. त्याने एकाच स्पीकरची तार जोडली होती, डाव्याची. दुसऱ्याची तार सोलायला गेला आणि तेवढ्यात गाणं सुरू झालं.

आणि त्यात गाणारी बाईच नव्हती. म्हणजे असेल कुठेतरी, भिंतीपलीकडून यावी तशी. समोर होती बासरी, मग व्हायोलिन, मग कोरसमधल्या बायकांचा तो ‘आ’कार, पुन्हा बासरी. आणि ती चाल मी ओळखली. ती आईची चाल होती. माझी वेणी घालताना, तांदूळ निवडताना, गच्चीवरून पापड गोळा करताना ती जे गुणगुणायची, तेच, त्याच वळणाचं, मधे जिथे ती थांबायची तिथेच थांबणारं. मी म्हटलं, ‘‘थांबा, दुसरा जोडू नका.’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, हे अर्धं आहे. जुन्या स्टीरिओत काही वाद्यं एका स्पीकरमध्ये, गाणारी दुसऱ्यात.’’ म्हटलं, ‘‘माहितेय मला. वाजू द्या.’’

आता तुमच्याकडे येते. ती सिस्टिम तुम्ही आखातातून परतलेल्या मित्राकडून घेतलीत. तुम्हीच मोठ्या अभिमानाने सांगायचात, की तो म्हणाला, ‘दोन्ही स्पीकर समोर ठेव आणि मध्ये बस.’ आणि तुम्ही म्हणालात, ‘मी काय एकटाच ऐकणार? घरात बाईमाणूस आहे की नाही?’ मग तुम्ही भिंतीला भोक पाडून एक स्पीकर स्वयंपाकघरात नेलात, डब्यांच्या फळीवर, मिक्सरच्या वर. अख्ख्या बिल्डिंगने कौतुक केलं. बायकोचा किती विचार करतो माणूस! शेजारच्या काकू तर नवऱ्याला आणून दाखवून गेल्या. गाणं लागलं की मी हॉलमध्ये तुमच्याशेजारी बसायचं, असा नियम होता, कारण तुम्ही माझा कान तयार करत होतात. आई आत. हॉलमध्ये ती बाई गायची आणि तबला वाजायचा. दोन कडव्यांच्या मध्ये तर नुसताच तबला, आणि तुम्ही त्या तबल्याला डोळे मिटून ‘वा! क्या बात है!’ करायचात. अण्णा, तिथे तबला एकटा नव्हता हो! तिथे बासरी होती. ती तुम्ही आत, फोडणीवर सोडून आला होतात. इतका मोठा तुमचा कान, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला एकदाही वाटलं नाही की काहीतरी कमी आहे?

तो रविवार मला लख्ख आठवतोय. तुमची मंडळी जमलीयेत, पोह्यांच्या बश्या फिरतायत. तुम्ही आत हाक मारता, ‘‘अगं, जरा बाहेर ये. काल ते गुणगुणत होतीस ना ह्या गाण्याचं, ते म्हणून दाखव बघू.’’ आई पदराला हात पुसत बाहेर येते. तिला खरंच वाटतंय की तुम्हाला ऐकायचंय. मी दारात उभी आहे, मला तिचं तोंड दिसतंय. लाजलीये, पण खूश आहे. नाही नाही म्हणत ती सुरू करते, बासरीचा तुकडा, मग तो ‘आ’कार. आणि तुम्ही मांडीवर थाप मारून हसता. ‘‘ओळखा! हे गाणं तरी ओळखा कुणी! मुखडा कुठे, ही कुठे! इतकी वर्षं तेच ऐकतेय आणि चाल अजून हाताला लागली नाही बाईसाहेबांच्या.’’ सगळे हसतात. कुणीतरी म्हणतं, ‘‘जाऊ द्या हो, वहिनींचे पोहे मात्र सुरात असतात.’’ आईसुद्धा हसते. हसत हसतच रिकाम्या बश्या उचलते आणि आत जाते.

त्यानंतर ती गुणगुणली नाही. कधीच नाही. ती रुसली वगैरे नव्हती, तो तिचा स्वभावच नव्हे. तिने तुमचं म्हणणं पटवून घेतलं, बस. तुम्ही जाणकार, तुम्ही म्हणालात चाल चुकली, म्हणजे चुकली. तुम्ही मात्र ते तिथे सोडलं नाहीत. पुढे माझ्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा तुम्ही त्या लोकांना ऐकवलंत, ‘‘आमच्या घरात सूर माझ्याकडचा, मीठ हिच्याकडचं.’’ काय टाळी मिळाली तुम्हाला! मंगळागौरीला बायका फेर धरून गात असायच्या, आणि ही नुसती फुगडीला उभी राहायची. माझ्या मुलाच्या बारशाला सगळ्यांनी मिळून पाळणा म्हटला. आई पाळण्याची दोरी धरून, तोंड मिटून. मी एकदा चिडून म्हटलं, ‘‘आई, तो रडतोय, म्हण ना काहीतरी.’’ तर म्हणते कशी, ‘‘नको गं. इतक्या लहानपणी पोराच्या कानावर बेसूर पडायला नको.’’ तेव्हा मला नुसतीच कीव आली होती. आता त्या वाक्याने अंगाची लाही लाही होतेय. ती बेसूर नव्हती अण्णा. तुम्ही तिला जे दिलंत ते तिने जसंच्या तसं म्हटलं, एक सूर इकडचा तिकडे न करता, वर मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. घरात एकच कान तयार झाला होता आणि तो आतल्या खोलीत होता. आपण दोघं बाहेर सतरंजीवर बसून माना हलवत होतो.

तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला कळतं. कृपा करून ते मला कुणी समजावू नका. मुद्दाम केलं असतं तर एकदा भांडून मोकळी झाले असते. तुम्ही प्रेमाने भोक पाडलंत, प्रेमाने तार ओढलीत आणि मग त्याच तारेतून आलेल्या गोष्टीसाठी चार लोकांत तिला हसलात. एकदा आत जाऊन, त्या फळीखाली उभं राहून एक गाणं ऐकलं असतंत! एकच. पोहे होईपर्यंत. पण स्वयंपाकघरात तुम्ही पाणी प्यायलासुद्धा जात नव्हतात, ते बाहेर यायचं.

तर काल स्पीकर घरी आणले. माझ्या टेबलावर दोन बाजूंना ठेवले, खाली जाड पुस्तकं लावून उंची केली, भिंतीपासून पुढे ओढले. तारा जोडताना लाल-काळं तीनदा तपासलं. आईची खुर्ची बरोबर मध्ये आणली. ‘‘मला कशाला मध्ये? तू बस, मला काय कळतंय त्यातलं,’’ हे झालंच. बसवलं जबरदस्तीने आणि तेच गाणं लावलं. अण्णा, पहिल्या बासरीलाच तिने मान वर केली. ऐकू आलं तिला! मग ती बाई गायला लागली, उजवीकडून, इतकी स्वच्छ, आणि आई त्या स्पीकरकडे वळून बघत राहिली. पुन्हा बासरी आली तेव्हा तिचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. पण मी बघत होते, एकही जागा चुकली नाही. नाहीतर इथे मला काल कोणती भाजी केली ते आठवत नाही.

गाणं संपलं. ती म्हणाली, ‘‘ही बाई किती छान गाते गं. आपल्याकडे हिचा आवाज इतका यायचा नाही.’’

बघा. एका फटक्यात तिच्या लक्षात आलं. माझ्या तोंडावर आलं होतं सगळं: आई, तू कधीच चुकली नव्हतीस, त्यांनीच तुला अर्धं दिलं होतं, तू त्यातलं पुरेपूर म्हटलंस. सांगायचं होतं म्हणून तर मी घाईघाईने रिक्षात ते खोके मांडीवर घेऊन आले होते. आणि मी काय म्हटलं? ‘‘नवीन स्पीकर आहेत ना, म्हणून.’’ ती ‘हो का’ म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

हे कागद मी फाडून टाकणार आहे, नाहीतर साफसफाईत तिच्या हाताला लागायचे. आणि तुम्हाला पोचणार असते तर मी इतकं लिहिलंही नसतं, तुमच्यासमोर माझं तोंड कधी उघडलंय? पण एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. तिला खरं काय ते कळायला हवं, आणि लवकर, कानांचा भरवसा नाही. मला समजतं सगळं. पण सांगितलं की ती पहिलं वाक्य काय बोलेल, तेही मला पाठ आहे: ‘अगं, माझ्यासाठीच तर लावला होता त्यांनी तो तिथे.’ म्हणेल आणि हसेल, आणि तुम्ही त्याच क्षणी सुटाल. मला तुम्हाला एवढ्यात सोडायचं नाहीये, अण्णा. म्हणून मी अजून गप्प आहे.