सांधा पक्का होता

चि. कमल, जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर उतरली का? श्रुतीच्या बाळाचा खोकला गेला का? तुझ्या केतनचं मी काय विचारणार, तो इथे रत्नागिरीत माझ्याकडेच आहे.

त्याची इलेक्ट्रिक गिटार स्टेजवरून पडली आणि खुंट्यांचं डोकं मानेपासून मोडलं. गायनपार्ट्यांच्या हार्मोनियम दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, गिटार कधी हातात घेतली नव्हती. तरी गोंद भरून, शिकंज्यात आवळून डोकं बसवलं. तारा चढवून स्पीकरला जोडली, तर असा खणखणीत आवाज, की शेजारीपाजारी दारात आले.

केतन म्हणाला, "मामा, सांधा कच्चा राहिला. आवाज दबलाय."

मी त्याच्या पाठीमागे जाऊन हाक मारली. परत मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

मग समोर येऊन मोठ्याने म्हणालो, "होय रे, माझंच चुकलं. परत करतो." पोर केवढं हसलं! "म्हातारा झालास, मामा!"

आज तो चांगला सांधा मी वाफ देऊन उघडला. परत चिकटवेन आणि तो परत तेच म्हणेल. लाकूड तरी किती सोसणार? कान दाखवून ये म्हणायला जीभ रेटत नाही. वाजवण्याशिवाय त्याच्याजवळ दुसरं आहे काय?

हे पत्र मी टाकणार नाही, तुझा जीव तुटेल. तरी बाय, त्याला कसं सांगू, तेवढं लवकर लिहून कळव.

तुझा,
राजारामदादा